गंगेत सोडायचे राहिलेले मासे

अक्का, तुमच्या दहाव्याच्या सकाळी राधाताई तुमचे मासे गंगेत सोडायला निघाल्या होत्या. घरात एवढी मोठी गोष्ट घडली आणि ती पळत जाऊन तुम्हाला सांगायची सोय उरली नाही, याचाच मला आधी राग आला. रडू नंतर आलं. तुमच्या धाकट्या जावेचा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. माझं दुःखसुद्धा कंबरेला पदर खोचून भांडायला उभं राहतं.

तुम्हाला जाऊन दोन महिने होत आले. येणारे-जाणारे थांबले. जीवशास्त्राच्या बाई किती जीव तोडून शिकवायच्या हे सांगून तुमच्या विद्यार्थिनी रडून गेल्या. ते सगळं खरं आहे आणि ते मला पुन्हा सांगायचं नाही. मला आपलं भांडण पुरं करायचं आहे. तुमच्याशी भांडण अर्धं राहिलं की मला जेवण गोड लागत नाही, हे तुम्हीच सगळ्यांना सांगत फिरायचात. त्यात या खेपेला तुमच्या काचेच्या पेटीत असं काही घडलंय, की निकाल दिल्यावाचून माझी सुटका नाही.

ती पेटी घरात आली तेव्हापासून आपलं वाजतंय. तुम्ही कॉलेजातून निवृत्त झालात तेव्हा मला वाटलं होतं, चला, आता स्वयंपाकघरात चार हात होतील. तर तुम्ही मुंबईला लेकाकडे गेलात, त्याच्या कुणा साहेबाच्या दिवाणखान्यात समुद्राच्या पाण्याची पेटी पाहिलीत, आणि परत आलात त्या डोक्यात समुद्र घेऊनच. समुद्र, आणि तोही जालन्यात, जिथं नळाला पाणी आलंय म्हटलं की बायका लग्नाच्या पंगतीतून उठून घराकडे धावतात. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, असं मी तुमच्या तोंडावर म्हटलं. तुम्ही म्हणालात, "मंदे, घोडं न्हाई आणून राह्यले. बोटाएवढे मासे हायेत."

बोटाएवढ्या माशांसाठी चार फुटी पेटी, छिद्राछिद्रांचे दगड, मऊ झुडपासारखी जिवंत प्रवाळं, निळे-पांढरे दिवे, आणि मुंबईहून मागवलेलं मिठाचं पोतं. मीठ बाहेरगावाहून आणणारं नवीन जालन्यातलं आपलं पहिलंच घर असावं. मासे सकाळच्या गाडीनं आले. स्टेशनवर तुमच्यासोबत मीच रिक्षा घेऊन उभी होते. थर्माकोलच्या खोक्यात हवा भरलेल्या पिशव्या, आणि एकेका पिशवीत एकेक केशरी जीव, अंगावर पांढरे पट्टे. तुम्ही त्यांना क्लाउनफिश म्हणायचात, घरात आम्ही सगळे जोकर म्हणायला लागलो. मोजले तर पाच.

इथूनच भांडणाला तोंड फुटलं. दुकानदारानं तुम्हाला बजावलं होतं, मॅडम, दोनच ठेवा, जास्त ठेवले तर एकमेकांना फाडतात. आणि तुम्ही पाच आणले. मी म्हटलं, माशांचा धंदा करणारा माणूस खोटं कशाला बोलेल, उलट पाच विकले तर त्याचाच फायदा. तुम्ही पिशव्या पेटीच्या पाण्यावर तरंगत ठेवल्यात आणि वर्गात सांगावं तसं सांगितलंत, "सगळे बारके हायेत. एकाच दिवशी, एकाच पाण्यात, एकाच वेळी सोडायचे. म्हंजे कोणी घरमालक न्हाई अन् कोणी भाडेकरू न्हाई. गडबड होती ती नंतर आलेल्याची."

नंतर आलेली म्हणजे मीच की, असं माझ्या ओठावर आलं होतं. तुमच्या मागून सहा वर्षांनी मी या घरात सून होऊन आले.

पहिले काही महिने तुमचंच खरं ठरलं. मग एकीनं अंग धरलं आणि ती बाकीच्यांवर धावायला लागली. तुम्ही आम्हाला सगळ्यांना पेटीसमोर बसवून समजावलंत, की यांच्यात जी सगळ्यांत मोठी तीच मादी. तिच्या खालचा एक, तो नर, तिचा जोडीदार. उरलेले तिघं धड ना नर ना मादी, लहानच राहतात, आपापली जागा धरून. मोठी गेलीच, तर दुसऱ्याची मादी होते आणि तिसरा नर होऊन त्याच्या जागी येतो. तुमचे धाकटे दीर, म्हणजे आमचे हे, मोटार-वायंडिंगचं दुकान बंद करून नुकतेच आले होते. ते म्हणाले, "म्हंजे बराबर आपल्या घरासारखंच. मोठी म्हणंल ते." तुम्ही खो-खो हसलात. मी म्हटलं, अक्का, पुरुषाची बाई होते हे तुम्ही कॉलेजातल्या पोरांना सांगा, मला नको.

सगळ्यांत लहान होता त्याची शेपटी त्या दांडगीनं कुरतडली. तो पाण्याच्या वरच्या कोपऱ्यात काचेला चिकटून असायचा, खायला खाली येत नसे. मी त्याला तुटका म्हणायचे. माझा जीव त्याच्यात अडकला. मी म्हटलं, याला बाहेर काढा, वेगळ्या भांड्यात ठेवा, नाहीतर मरेल. तुम्ही उठलात, स्वयंपाकघरातली भाजी धुवायची जाळीदार टोपली आणलीत, आणि तीत तुटक्याला नाही, त्या दांडगीला घातलंत. टोपली पेटीतच एका कडेला अडकवलीत. मी तोंडात बोट घातलं.

"मार खाणाऱ्याला काढला तर तो परत येतो तव्हा पाव्हणा होतो," तुम्ही म्हणालात. "मंग त्याला सगळेच मारतेत. मारणारीला बसव बाजूला. ती परत येईल तव्हा तिला आपली जागा नव्यानं शोधावी लागंल. तिचा तोरा आपोआप उतरतो."

आठवड्याभरानं ती बाहेर आली आणि खरंच नरमली होती. तुटक्याची शेपटी हळूहळू भरून आली, एक कोपरा तेवढा आखूड राहिला, आणि खाता खाता तो त्या तिघा लहानग्यांत मोठा झाला. मी तुमचं कौतुक केलं नाही. उलट म्हटलं, एवढी उस्तवार करण्यापेक्षा ज्याचं त्याला वेगळं दिलेलं काय वाईट. पाच जणांना एका काचेत कोंडायचा अट्टहास कशाला.

अक्का, ते मी माशांबद्दल बोलत नव्हते. तुम्हालाही ते कळलं होतं. अंबड रोडला आम्ही प्लॉट घेतला होता, आणि आमच्या खोलीत रोज त्याच गोष्टी चालायच्या. तुम्ही पाण्याकडे बघत म्हणालात, "काच लहान असंल तर न्हाई राहत कोणी एकत्र. ती मोठी करावी लागती." एवढंच. आणि पुढच्या उन्हाळ्यात वरच्या मजल्यावर गवंडी आला. माझ्यासाठी वेगळी खोली, वेगळा ओटा, माझ्या उंचीच्या मानानं बांधलेला. दिवसाच्या चहाचं आधण मी तिथं ठेवायला लागले आणि रात्रीच्या भाकरी खाली तुमच्याशेजारी थापत राहिले. प्लॉटवर अजून बाभळीच आहेत. यासाठी तुमचे आभार मानायचे राहिले. जावेचे आभार कसे मानतात हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

तुम्ही फार शहाण्या होतात असं मात्र मी कुणाला म्हणू देणार नाही. तुरटीची गोष्ट मी मरेपर्यंत सांगणार आहे. टँकरचं गढूळ पाणी ड्रममध्ये आलं, ते गाळायचं, शुद्धीच्या मशीनमधून काढायचं, मगच त्यात मीठ कालवायचं, हे सगळ्या घराला पाठ करायला लावलंत. आणि एका सकाळी स्वतःच, फोनवर बोलता बोलता, तयार पाण्याच्या ड्रममध्ये तुरटीचा खडा गरागरा फिरवलात. जन्मभराची हाताची सवय. ते पाणी पेटीत गेलं आणि प्रवाळांनी अशी तोंडं मिटली की कितीतरी दिवस उघडली नाहीत. तुम्ही डोकं धरून बसलात आणि मग तुम्हालाच हसू फुटलं. "एमेस्सी केली मंदे मी, एमेस्सी," असं म्हणत डोळे पुसत होतात. त्या दिवशी तुम्ही मला सगळ्यांत जास्त आवडलात.

मग भारनियमनाचा उन्हाळा आला. लाईट जायची ती परत येण्याचं नावच घेत नसे. ह्यांनी ट्रॅक्टरच्या बॅटरीवर हवेचा पंप जोडला. बर्फाच्या कारखान्यातून लादी आणायची, फोडून बाटल्यांत भरायची आणि त्या बाटल्या पेटीत सोडायच्या. बॅटरी उतरली की आपण दोघी पाळीपाळीनं तांब्यानं पाणी उचलून वरून पेटीतच ओतायचो, पाण्यात हवा मिसळावी म्हणून. मी ओतता ओतता तुम्हाला शिव्या घालायचे. तुम्ही म्हणायचात, "शिव्या दे, पण हात थांबवू नको."

नंतर तुमचं दुखणं निघालं आणि तुम्ही उपचारांसाठी औरंगाबादेला भावाकडे जाऊन राहिलात. पेटी माझ्या गळ्यात पडली. रोज सकाळी तुमचा फोन. पाणी किती उतरलं, खाल्लं का सगळ्यांनी, काच पुसली का. मी म्हणायचे, उंटावरून शेळ्या हाकू नका, या इकडे आणि स्वतः करा. तुम्ही म्हणायचात, येते की. तेव्हाच तुमच्याकडून शिकले, की उन्हानं पाणी आटतं, मीठ आटत नाही. म्हणून रोज आटेल तेवढं साधं गोडं पाणीच वरून घालायचं. मीठ घातलंस तर खारट करून मारशील, असं तुम्ही मला पहिल्याच दिवशी दटावलंत.

आणि एका सकाळी ती मोठी, ती दांडगी, तळाच्या वाळूवर आडवी पडलेली दिसली. कशानं, कळलं नाही. पाणी बरोबर होतं. मला खोटं बोलता येत नाही, मी फोनवर सांगून टाकलं. वाटलं, तुम्ही रडाल. तुम्ही विचारलंत, "दुसरा खातो का?"

मी म्हटलं, "खातो, पण कोपऱ्यात उभा राहून राह्यला."

"राहू दे. आता तोच मोठा होईल. बघ तू. तोच बाई होईल अन् घर सांभाळंल."

"न्हाई होणार, अक्का. त्याचं चित्तच न्हाई थाऱ्यावर."

"होईल."

"न्हाई होणार."

तिथून पुढे रोज हेच. वाढला का, न्हाई. बाकीच्यांना दटावतो का, न्हाई. मग होईल, थांब जरा. न्हाई होणार म्हटलं ना. तुमचे भाऊ म्हणायचे, फोनवर दोघी काय लहान पोरींसारख्या भांडताय. तुमचा आवाज बारीक होत चालला तरी "होईल" मात्र ठासून यायचं. आता सांगते, अक्का. तो वाढत होता. मला दिसत होतं. बाकीचे तिघं त्याच्यासमोर अंग थरथरवून मान द्यायलाही लागले होते. तरी मी नाही म्हणत राहिले, कारण मोठीची जागा अशी भरून निघते हे मी कबूल केलं असतं, तर तुम्ही जायला मोकळ्या झाल्या असतात. मला तुम्हाला मोकळं करायचं नव्हतं. भांडण मिटलं नाही तोवर माणूस कसं जाईल, असं माझं अडाणी गणित होतं. ते चुकलं. तुम्ही भांडण अर्धं टाकून गेलात.

आता दहाव्याचं ऐका. शहागडला गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, जायचं म्हणून दारात जीप उभी होती. मी आतून आले तर राधाताई पेटीपाशी, हातात झाकणाचा स्टीलचा डबा. आपली थोरली नणंद म्हणजे मायेचं पोतं, तुमच्यावर तिचा जीव. तिनं डब्यात पेटीतलंच पाणी घेतलेलं, आणि दोघांना जाळीत धरून त्यात टाकलेलं. तुम्ही त्यांना हातानं खायला शिकवलेलं. जाळी आली तर खाऊ आला समजून ते आपण होऊन पुढे आले असणार. एक तो दुसरा होता, आणि एक तुटका.

"वैनीचा जीव ह्यांच्यात गुतलाय," राधाताई म्हणाल्या. "म्हणून तं पिंडाला कावळा शिवायचा न्हाई. अस्थीसंगं ह्यांना बी गंगेत सोडून देऊ. मुके जीव मोकळे व्हतील, ती बी मोकळी व्हईल."

"ताई, मरतील ते गंगेत."

"गंगेत कोणी मरतं का गं?"

मी म्हटलं, हे खाऱ्या पाण्यातले आहेत, गोडं पाणी त्यांना विष. तर राधाताई म्हणाल्या, "काहून खोटं बोलती? मी आल्यापासून बघून राह्यले, तू रोज सकाळी माठातलंच पाणी वततीस की त्यांच्यात." बिलकुल बिनतोड. आटलेलं पाणी आणि न आटलेलं मीठ, हे मी अशा वेळी, रडून सुजलेल्या डोळ्यांनी, जीपचा हॉर्न वाजत असताना कसं समजावणार होते? बायका जमल्या. सगळ्यांना राधाताईंचंच पटत होतं. मासे सोडणं हे पुण्याचं काम, आणि मी मेलेल्या माणसाच्या वस्तूवरचा हात न सोडणारी हावरी.

दादा जिन्यावरून खाली आले. आपल्या घरची रीत. थोरल्या दिरांशी मी आजवर समोरासमोर बोलले नाही. तीस वर्षं आमच्यात जे काही बोलणं झालं ते तुमच्या तोंडून झालं. आणि नेमक्या त्या दिवशी मधलं माणूस नव्हतं. मी पदर डोक्यावर ओढला आणि पेटीच्या काचेकडे तोंड करून मोठ्यानं म्हटलं, "अक्कांनी पाच आणले होते ते एकत्र ठेवायला. एक गेली. उरलेल्यांना मी वाटू देणार न्हाई. पाण्यात मीठ हाये, कोणीबी चाखून बघा."

दादा पुढे आले, राधाताईंच्या हातातल्या डब्यात त्यांनी बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. पेटीला कधी हात न लावलेला माणूस. तोंड जरासं वाकडं झालं.

"खारट हाये, राधे," ते म्हणाले. "ठेव परत."

राधाताईंनी ते स्वतःच्या हातानं परत सोडले. दुसरा लगेच प्रवाळात शिरला, तुटका दिवसभर दगडाआड दडून बसला. शहागडला कावळा शिवला, तेही लगेच. चौदाव्याला गावी निघताना पेटीपुढे उभ्या राहून राधाताईंनी मला विचारलं, ह्यांना किती घालायचं असतं खायला, आणि दोन बोटांच्या चिमटीत मावेल तेवढंच घातलं.

आता रोज सकाळी ते साधं पाणी दादा घालतात. मी सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही. मी गाळलेलं पाणी तांब्यात भरून पेटीशेजारी ठेवते आणि आत जाते. परत येते तेव्हा तांब्या रिकामा असतो. घरात मेतकूट कुठं, गाळणं कुठं, दादांच्या गोळ्या कुठं, हे आता सगळे मला विचारतात. मी आधी ओरडते, मग सांगते. तुमची जागा भरली असं मी म्हणणार नाही, कुणी म्हटलं तर त्याच्याशी भांडेन. पण चूल थांबलेली नाही. रात्रीच्या भाकरी खालीच होतात.

आणि आता निकाल. गेला आठवडाभर तो दुसरा आणि तुटका, दोघं मिळून मोठ्या दगडाची एक बाजू तोंडानं घासत होते, आपण सणाला देवळी घासतो तशी. दुसरा आता तुटक्याच्या दुप्पट झालाय. उरलेले दोघं खाली आपापल्या जागी. काल सकाळी त्या घासलेल्या जागेवर केशरी ठिपक्यांचा थर दिसला, बाजरीच्या दाण्यांहून बारीक, आणि तुटका पंखांनी त्यांना वारा घालत होता. ती अंडी होती, अक्का. तो बाई झाला. होईल म्हणाल्या होतात, झाली. मी हरले, आणि हरून तिथंच पेटीपुढे खाली बसले.

दादा तांब्याकडे आले होते. मला खाली बसलेलं बघून थबकले, मग चष्मा सावरून काचेजवळ वाकले आणि ती अंडी बघू लागले. मी उठून बाजूला सरकले, पदर ओढला. त्यांनी मान वळवली आणि पहिल्यांदाच, सरळ माझ्याकडे बघून विचारलं,

"तिला सांगितलं का?"

"सांगते, दादा," मी म्हटलं.